रोस्टॉकमध्ये जेवणाची वाट बघताना

जर्मनीला शिकायला जायचं ठरलं तेव्हा शहाडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला, "तिकडे खाणार काय?" शिकायचं काय, थंडी किती, याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. मी मटण, मासे सगळं खाते, त्यामुळे निर्धास्त होते. तरी आईने बॅगेत सुकट, मसाला आणि तांदळाचं पीठ कोंबलं. शेजारपाजाऱ्यांना जयभीम केला, बाबांच्या गळ्यात पडून रडले आणि निघाले.

रोस्टॉक हे उत्तरेचं समुद्रकाठचं शहर, बर्लिनहून रेल्वेने अडीच-तीन तास. तिथे पहिला धक्का दिला बेकरीने. आपल्याकडे पाव म्हणजे लादी, फार तर ब्रेड. इथे अख्खी भिंत पावांनी भरलेली! काळे, तपकिरी, बियांनी मढलेले, पीठ भुरभुरलेले. मी तोंड उघडं टाकून बघतच राहिले. मागे रांग वाढत होती, पण कुणी चकार शब्द काढला नाही. मी आपलं एकाकडे बोट दाखवलं. तो हातात घेतला तर वरवंट्याएवढा जड, आणि चावताना जबडा दुखला. दोन दिवस त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. मग एकदा त्यावर नुसतं लोणी लावून सावकाश चावला आणि त्याची आंबूस, भाजकी चव कळली. धान्य एवढं चविष्ट असतं? मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली.

तुम्ही जाणार असाल तर एक सांगते. पाण्याच्या बाटलीवर नीट वाचा, नाहीतर सोड्यासारखं फसफसणारं पाणी गळ्यात पडतं. माझी तर पहिल्याच दिवशी फजिती झाली. आणि रिकामी बाटली फेकू नका, दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की डिपॉझिट परत मिळतं.

लोकल रेल्वेने वीसेक मिनिटांवर वार्नेम्युंडे हे बंदर आहे. तिथे धक्क्याला लागलेल्या होड्यांवरच मासे घालून पाव विकतात, चार-पाच युरोंत पोट भरतं. मी घेतला त्यात खारवलेला हेरिंग होता, न शिजवलेला, थंडगार, वर कच्चा कांदा. आईला व्हिडिओ कॉल लावला.

"अगं, कच्चा खातेयस?" आई ओरडली.

"आई, लोण्यासारखा विरघळतो गं!"

"ते राहू दे. गरम काय खाल्लंस ते सांग."

पण माझी खरी काळजी वेगळीच होती. मिळालेली खोली तात्पुरती होती, महिनाअखेर सोडायची, आणि दुसरी काही केल्या मिळत नव्हती. खोलीच नसेल तर शिक्षण कसलं! परत जावं लागणार, असंच वाटायला लागलं होतं. शेवटी मैत्रिणीच्या ओळखीने आंकेबाई भेटल्या. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहायच्या, वरची खोली भाड्याने द्यायची होती. फोनवर म्हणाल्या, "संध्याकाळी सहाला ये. स्वयंपाकघर दोघींचं असणार, तेव्हा एका टेबलावर आपलं जमतं का बघू."

मी ठोक्याला हजर. टेबलावर मेणबत्ती, प्रत्येकीला बशीऐवजी एक छोटी लाकडी फळी, पाव, चीज, उकडलेली अंडी, मुळे, काकडी, हेरिंग आणि पुदिन्याचा बिनदुधाचा चहा. मी हरखून गेले. नाश्त्यालाच एवढा थाट, मग जेवणाला काय असेल! पण पाहुण्याने नाश्त्यावर ताव मारायचा नसतो, जेवणासाठी पोटात जागा ठेवायची असते, हे आमच्या अंगात भिनलेलं. मी पावाचा एक तुकडा आणि अर्धं अंडं खाल्लं आणि "बस, बस" म्हटलं. बाईंनी एकदा विचारलं, पुन्हा विचारलं नाही. त्यांनी सावकाश पोटभर खाल्लं, मग टेबल आवरलं, फळ्या धुतल्या.

मी बसून राहिले. गॅस पेटेना, फोडणीचा वास येईना. गप्पाही संपल्या. तेवढ्यात बाई माझं जॅकेट घेऊन आल्या.

"तुला आमचं जेवण मानवत नाही असं दिसतंय," त्या हळूच म्हणाल्या. "त्यात तुझी चूक नाही. पण रोज समोर एक मुलगी उपाशी बसलेली मला बघवणार नाही. तू दुसरी खोली शोध."

माझे डोळेच भरून आले. "बाई, मला वाटलं जेवण अजून व्हायचंय. मी त्याचीच वाट बघतेय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या थंड शेगडीकडे. जॅकेट परत खुंटीला अडकवलं. पाव, चीज, अंडी, हेरिंग, सगळं पुन्हा टेबलावर आलं. मेणबत्तीही पुन्हा लागली. आणि पोट भरलेल्या त्या बाईंनी स्वतःची धुतलेली फळी पुसून समोर ठेवली, एक मुळा घेतला आणि माझं होईपर्यंत तोच पुरवून पुरवून खात बसल्या. मी खात होते आणि थक्क होऊन त्यांच्याकडे बघत होते. एकदा जेवून उठलेलं माणूस केवळ दुसऱ्याला सोबत म्हणून पुन्हा जेवायला बसतं, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

माझा हात थांबला तेव्हा त्यांनी विचारलं, "सामान कधी आणतेस?"

त्या घरात राहायला लागल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली. त्या थंड जेवणात घरची बाई मधे उठतच नाही. वाढायला नाही, गरम करायला नाही. सगळं समोर असतं आणि ती पहिल्या घासापासून सगळ्यांबरोबर बसलेली असते.

सुट्टीत शहाडला आले. एका संध्याकाळी आईला शेगडी पेटवूच दिली नाही. बेकरीतला ब्रेड, लोणी, अंडी, काकडी आणि सुकटीची चटणी चटईवर मधोमध मांडली. बाबांनी तोंड वाकडं केलं, "हे काय, पेशंटचं जेवण?" पण बसले. आई दोनदा उठायला गेली, मी दोनदा पदर धरून तिला खाली बसवलं. मग ती खायला लागली. खाता खाता आमच्याकडे टक लावून बघायला लागली आणि एकदम हसली.

"अगं, तुम्ही दोघं बापलेक जेवताना डोळे मिटता की! सेम टू सेम!"

बाबा आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. आम्ही जेवत असताना आईची आमच्याकडे कायम पाठ असायची, कारण ती ओट्याशी उभी राहून आमच्यासाठी गरम भाकऱ्या करत असायची.