सोजराआज्जींची लाल चावी

आमच्या सोसायटीत बातमी फिरत होती की सोजराआज्जींनी आपली काळी अँबॅसिडर स्वतःच पेटवली, म्हणजे मुलाला ती विकता येऊ नये. साफ खोटं. गाडी पेटलीच नाही. डॅशबोर्डखालची एक जुनी वायर घासून उघडी पडली होती, तिनं धूर काढला. पार्किंगमध्ये सगळ्यात आधी पोचल्या त्या आज्जीच. बॉनेट उघडून बॅटरीची वायर काढायला गेल्या, तर नट गंजून बसलेला. पक्कडीनं तो सुटेपर्यंत त्यांचा तळवा भाजला. बातमी पसरवणारे तेव्हा बाल्कनीतून व्हिडिओ काढत होते.

"पेटीवली म्हणत्यात," आज्जी भरल्या लिफ्टमध्ये मला म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "मला पेटवायचीच आसती, तर ह्यांच्या गाड्या काय कमी हायेत खाली?"

लिफ्टमधले सगळे मजल्यांचे आकडे वाचू लागले.

आज्जींचा राग कळायला एवढं पुरे: मोशीतली ही सोसायटी त्यांच्याच रानावर उभी आहे. जिथं आता बी विंग आहे तिथं त्यांची मेथी असायची, आणि तिच्या कडेच्या गाडीवाटेवर दौलतरावांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं, त्यांना ही गाडी चालवायला शिकवली. रान गेलं, दौलतराव गेले. गाडी उरली, आणि ती उभी करायची जागा.

ती जागा काढून घ्यायला चेअरमन उद्धवराव निघाले. उद्धवराव मला अख्खे पाठ आहेत. आधी घसा साफ, मग चष्मा वर, मग, "म्हणजे काय आहे ना आज्जी, सेफ्टीच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नसतो. उभ्या गाडीतला करंट पूर्ण बंद करायची सोय करा. रविवारी मी स्वतः बघणार. नसेल जमत, तर गाडी गेटबाहेर."

"गेटाबाहीर कुनाचं रान व्हतं, ते बी सांगा की," आज्जी म्हणाल्या.

उद्धवरावांनी चष्मा पुन्हा वर केला. तो वरच होता.

मग आज्जींनी कुलदीपला बोलावलं. त्याचं चाकण रोडला वायरिंगचं दुकान आहे. माणूस लातूरकडचा, प्रत्येक वाक्य शेवटी पतंगासारखं वर सोडतो. "कट-ऑफ स्विच टाकू की मावशी. बॅटरीच्या जाड वायरीत मधी बसतंय. ही लाल चावी फिरवली की बॅटरीची अन् गाडीची सोडचिठ्ठी."

तो काम करत होता तोवर आज्जी शेजारी खुर्ची टाकून बसल्या.

"नट घट कर."

"केलाय मावशी."

"केलाय म्हंजी हलवून दाव."

त्यानं हलवून दाखवला. लाल चावी आज्जींनी कमरेच्या जुडग्यात अडकवली आणि त्या दिवशी पहिल्यांदा कुणावर ओरडल्या नाहीत.

रविवारी उद्धवराव आले. आज्जींनी चावी फिरवली, काढून हातात धरली. उद्धवराव गाडीत डोकावले आणि तसेच वाकून राहिले.

"म्हणजे काय आहे ना आज्जी, हा गणपतीपुढचा दिवा चालू आहे."

खरंच चालू होता. डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढे लाल दिवा, मिरचीएवढा, मजेत. आज्जींनी कुलदीपला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"मावशी, देवाचा दिवा कसा इजवायचा?" कुलदीपचा पतंग वर गेला. "म्हणून स्विचच्या आधीच, थेट बॅटरीवरनं बारीक वायर दिलीय त्याला. आपल्याकडं समद्या टेम्पोला तसंच करतो."

"आरं मुडद्या, धूर बी ह्या दिव्याच्या जुन्या वायरीतनंच निघाला व्हता. त्येच्यासाठी तर सगळं केलं. ये आन् तोड ती वायर."

"माझ्या हातून न्हाई व्हायचं ते. दुसऱ्या कुनाला सांगा."

दुसरं कुणी म्हणजे उद्धवराव. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "देवाचं आहे, मी हात लावणार नाही. पण मग गाडी हलवावी लागेल." वॉचमनला तेवढ्यात गेटवर काम आठवलं.

आज्जींचा चेहरा बघवेना. पण ह्या बाई दर चतुर्थीला त्या गणपतीला जास्वंद वाहतात, उपास धरतात. मी हळूच म्हणाले, "तुम्हीपण नाही तोडणार आज्जी. लावा पैज. हरले, तर दर रविवारी गाडी पुसेन."

"आन् मी हरले तर?"

"तर मला ही गाडी शिकवायची."

आज्जींनी बॉनेट उघडलं. बारीक वायरीवर बोट ठेवत ठेवत बॅटरीपर्यंत गेल्या. गणपतीकडे मान वळवून म्हणाल्या, "सगळ्या जगाचा अंधार बगितलाय तू, पार्किंगातल्याला काय भ्यायचं?" आणि पक्कड आवळली.

दिवा गेला. उद्धवरावांनी हॉर्न दाबला, पुन्हा दाबला. गाडी मुकी. त्यांनी गणपतीला हात जोडले, मग आज्जींकडे न बघता म्हणाले, "राहू दे गाडी जागेवर."

आज्जींनी डिकीतून फडकं काढून माझ्या अंगावर फेकलं.

"आज रविवारच हाय," त्या म्हणाल्या. "टपावरनं सुरू कर."