माझ्याच घराचं भाडं

ये बाई, जवळ सरकून बस. मी लिहितेय आणि तू वाचतेस, म्हणून लांब बसायचं काही कारण नाही. परवा फोनवर एका दमात विचारलंस, "आत्या, स्वतःच्या घरात भाड्यानं कामून राहायलीस?" आणि मी तोंड उघडायच्या आत तुझ्या कुकरची शिट्टी झाली, फोन बंद. असं विचारतात का म्हाताऱ्या माणसाला? कलबुर्गीत पोरांना शिकवतेस, आणि प्रश्न विचारल्यावर उत्तराला थांबावं हे तुला कुणी शिकवलं नाही?

आता थांब. गोष्ट तुझ्या बापाची आहे, गोड लागायची नाही.

मैलूरचं हे घर आमच्या ह्यांनी मास्तरकीच्या पगारात एकेक खोली करत बांधलं. आधी दोन खोल्या, मग न्हाणी, मग पुढची बैठक. ते गेले आणि माझ्या नावावर एवढंच राहिलं. मला मराठी वाचता येतं तेही ह्याच घरात शिकले, वाण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून. कन्नड माझ्या तोंडात लहानपणापासून आहे, बाजारात माझ्याशी घासाघीस करून बघावं कुणी. पण कन्नड अक्षर मला ओळखत नाही आणि मी त्याला.

पंचमीला भावानं बहिणीला माहेरी न्यायचं, ही आपली रीत. ह्यांच्या माघारी एका वर्षी तुझा बाप नवी गाडी घेऊन आला, माहेरी नेऊन साडी नेसवली. जेवणं झाली, तंबिटाचा लाडू माझ्या हातात होता, तेव्हा त्यानं विषय काढला. रिंगरोडला लागून तीन एकर तुरीचं रान घ्यायचं, प्लॉट पाडायचे.

"अक्का, अशा रानावर बँक पैसे देईना. एक फायनान्सवाला द्यायलाय. वर्षभर निव्वळ व्याज भरायचं, मुद्दल प्लॉट विकल्यावर. फकस्त तारणाला पक्कं घर पायजे म्हणतो."

"तुझं घर काय झालं?"

"त्याच्यावर गाडी घ्यायच्या आधीपासनंच कर्जाचा बोजा हाय."

आता तू सांग, माहेरी बसून, भावानं नेसवलेली साडी अंगावर असताना, 'विचार करून सांगते' असं कुणी म्हणतं का? म्हटलं असतं तर तुझ्या आईनं पुढच्या पंचमीला उंबऱ्यातच पाणी दिलं असतं. मी लाडू खाल्ला आणि हो म्हटलं.

कागद कन्नडात होता. मी म्हटलं, "मला समदं वाचून दाखव, एक अक्षर सोडू नगंस." तो रजिस्टर कचेरीच्या बाकावर बसून वाचू लागला. चांगलं वाचतो, आवाज खणखणीत. वर्षभराची मुदत, मग माझं घर मोकळं. प्रत्येक शब्द मला कळला. मध्ये एकदा तो पाणी प्यायला थांबला, मग पुढं वाचलं. आतल्या साहेबानं कन्नडात विचारलं, सगळं समजलं का अम्मा? मी असं स्वच्छ कन्नड बोलले की मला वाचता येत नाही हे त्याच्या मनातही आलं नसेल. फोटो काढला, अंगठा घेतला.

पुढं काय झालं ते गावाला माहीत आहे. उभ्या तुरीत चुन्याच्या रेघा मारल्या, बोर्ड लागला, लोक बघायला आले. पण शेतजमीन घरासाठी करून घ्यायची एनए काही झाली नाही, आणि एनए नाही तर रजिस्ट्री नाही. आलेले लोक चहा पिऊन गेले.

वर्ष संपलं. मी घर मोकळं झालं समजून गप्प. तिसरं वर्ष सरताना फायनान्सवाला दारात आला. चांगला माणूस, चप्पल बाहेर काढून आत आला.

"अम्मा, भाई ने दो बार मुदत बढाए. उप्पर से और पैसा उठाए. अब तो घर पे आया मामला."

"मेरे कू कौन पूछा?"

"पूछने की जरूरत नै थी अम्मा. कागद में लिखे ना, उनकी एक सही बस."

शेजारच्या सुनेकडून तो कागद वाचून घेतला. मला वाचून न दाखवलेल्या दोनच ओळी होत्या. मुदत वाढवायला माझी सही लागणार नाही, आणि वाढेल तितकं ओझं ह्याच घरावर. तुझा बाप जिथं पाणी प्यायला थांबला होता, तिथल्या.

त्याला बोलावलं. मान खाली घालून बसला होता, पण बोलला काय? "अक्का, मुदत वाढवली म्हणून तर घर दोन वर्सं टिकलं. न्हाईतर तवाच गेलं असतं. धंद्यात लवचिक ऱ्हावं लागतं."

"व्हय," मी म्हटलं, "तू वाकायलास, आन् मोडलं माझं."

कर्ज फेडण्यात घर विकलं गेलं. ज्यानं घेतलं त्यानं मला मागची खोली भाड्यानं दिली. त्यानंही कर्ज काढूनच घेतलंय म्हणे, आणि आता जास्तीनं विकायचं चाललंय. दर आठवड्याला कुणी ना कुणी बघायला येतं. मी तांदूळ निवडत बसलेली असते आणि तो माझ्या समोर सांगतो, "भाडेकरू एकदम चांगली हाय. एकटी म्हातारी, तारखेला भाडं देती." ह्यांनी लावलेल्या फरश्या ते पायानं ठोकून बघतात. मी तांदूळ निवडते.

तुझा बाप पंचमीला येत नाही आता. भाडं मीच भरतो, असं सोयऱ्यांत सांगतो. दोन महिने भरलं होतं, खोटं कशाला बोलू.

तू त्याच्याशी भांड असं मी म्हणत नाही. बाप आहे तुझा. पण मागच्या आठवड्यात आलेल्यानं बयाणा दिलाय. तो नवा भाडेकरार करणार म्हणतो, आणि तोही कन्नडात. राहू देणार की काढणार, कोण जाणे. म्हणून तू ये, येत्या रविवारी सकाळच्या बसनंच ये, आणि तो कागद मला वाचून दाखव, माझ्या विरुद्ध असेल तेही. ये बाई लवकर, मी ह्या पत्त्यावर आहे तोवर.