तिसऱ्या मजल्यावरची लोकर

"चोळू नको गा, भिजू दे." आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं हे वाक्य मूळचं लोकरीपुरतं, पण बाई ते कुठेही वापरत. माझं बायकोशी बिनसलं, भिजू दे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोघांनी एकमेकांची कॉलर धरली, भिजू दे. मनीषनगरातल्या आमच्या इमारतीचा मी सेक्रेटरी, त्यामुळे मला ते दिवसातून दोनदा तरी ऐकावं लागे.

तुमच्याही इमारतीत असं एखादं माणूस असेलच, ज्याच्याविरुद्ध तक्रारी येतात आणि तक्रार करणारेच त्याच्याकडे चहा पिताना सापडतात. बाई तशा होत्या. शाळेतून निवृत्त, घरात एकट्या, मुलगा बंगळुरात. एका सकाळी नरखेडच्या जुन्या विद्यार्थ्याने त्यांना एसटीने एक पोतं पाठवलं. वॉचमनने ते हुंगलं आणि मला फोन केला, "साहेब, काहीतरी मरून आलं."

आत मेंढीची कातरलेली लोकर होती, आणि लोकरीत कुसळं, लेंड्या आणि नरखेडची पावशेर माती.

"बाई, नागपुरात, मे महिन्यात, लोकर?"

"मेच पाहिजे. टाकीचं पाणी फुकटात तापून येते. त्याच्याशिवाय हिचा चिकटा सुटत नाही."

भर दुपारी आम्ही नळाला हात लावायला भीत असू, तेव्हा बाई गच्चीवर सावली धरून रिठ्याच्या पाण्यात लोकर बुडवून बसत. एकदा मदत म्हणून मी ती टॉवेलसारखी खसाखसा चोळली, तर तिची घट्ट पोळी झाली. बाईंनी ती पायपुसणं म्हणून माझ्याच दारात टाकली. मग एक दिवस वारा सुटला आणि वाळत घातलेली लोकर उडून दुसऱ्या मजल्याच्या कुरडयांवर जाऊन बसली. कुरडई कोणती आणि लोकर कोणती, हे तळल्यावर कळलं. त्या खेपेला मी बाईंना लेखी नोटीस दिली.

नोटीस द्यायला गेलो तेव्हा खरी गोष्ट कळली. आदल्या वर्षी बाईंच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय सुधारला, बोटं सुधारली नाहीत. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेल्या, तर सही येईना. तिथल्या कारकुनाने मशीन पुढे करून अंगठा लावून घेतला.

"छत्तीस वर्षं पोरायले लिहाले शिकवलं मी, अन् मलेच अंगठा?" म्हणाल्या आणि रडल्या. मला वाईट वाटलं. नोटीस हातात होती याचं जास्त वाटलं.

डॉक्टरांनी व्यायामाला रबरी बॉल दिला होता. "बॉल दाबला काय अन् नाही दाबला काय, तो काहीच बोलत नाही. धागा लगेच तुटते. चिमूट कुठं चुकली ते कळते."

पावसाळाभर बाई लोकर बोटांनी मोकळी करत, पिंजत, तिचे पेळू करून टकळीवर कातत. तुटलेला धागा जोडत, पुन्हा कातत. संध्याकाळी सहीचा सराव करत, माझ्या नोटिशीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर.

नोव्हेंबरात मी त्यांना स्कूटरवरून बँकेत नेलं. कारकुनाने सवयीने मशीन सरकवलं. "आजी, अंगठा."

माझा चेहरा पडला. बाईंनी अंगठा ठेवला. लाल दिवा. दुसरा अंगठा, लाल दिवा. कारकुनाने रुमालाने काच पुसली, एकेक करत दहाही बोटं टेकवून घेतली. लोकर ओढून ओढून बोटांवरच्या रेषाच झिजल्या होत्या.

"ठसे उठूनच नाही राहिले, आजी," तो हरून म्हणाला. "सही येते का?"

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो उभा राहूनच फॉर्म शोधू लागला. मग त्यांनी सही केली. स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं पूर्ण. मागची रांग कुरकुरली, पण बाईंनी खाली तारीखही घातली.

पुढच्या नोव्हेंबरात त्यांनी काउंटरवर पोहोचायच्या आधीच सांगितलं, "मशीन आत ठेव गा. फॉर्म काढ."

बाई यंदा मार्चमध्ये गेल्या. नोव्हेंबरात मी माझ्याच कामाला बँकेत गेलो. कारकुनाने मला पाहिलं, मशीन बाजूला सारलं, फॉर्म काढून काउंटरवर ठेवला आणि माझ्या मागे बघत थांबला.