राहुकाळातला पगार

तंजावरजवळच्या पापनाशमच्या एका सरकारी कचेरीत झाडूवाल्या, पाणी सोडणारे, दिवाबत्तीवाले या सगळ्यांचा पगार मी काढते. माझ्या वडिलांनी, अप्पांनीही, जन्मभर तंजावरला हेच काम केलं, पण तेव्हा पगार रोख असे. राहुकाळात, म्हणजे रोजच्या त्या अशुभ दीड तासात, ते कुणाच्या हातावर पैसे ठेवत नसत. अख्खं गावच राहुकाळ पाळतं, त्यामुळे कुणी कुरकुरत नसे. आता पगार बँकेत जातो, तरी बटण दाबायला मी तो काळ टळेपर्यंत थांबायची. कॉम्प्युटरला कसला राहू नि कसला केतू! पण घरचं वळण, जाता जात नाही.

एकदा महिनाअखेर शुक्रवारी आली. शुक्रवारचा राहुकाळ साडेदहा ते बारा. यादी तयार व्हायला पावणेअकरा झाले, म्हणून मी आपली कॉफी पीत बसले. बाराला बटण दाबलं, तर सर्व्हर बंद.

एक वाजता एक झाडूवाली दारात आली. मुलीच्या नर्सिंग कॉलेजची फी त्या दिवशी पाचच्या आत भरायची होती, नाहीतर जागा दुसरीला जाणार. "पगार सकाळी येईल म्हणाला होतात तुम्ही, अम्मा," एवढंच ती बोलली. भांडली असती तर बरं वाटलं असतं. मला माझीच चीड आली.

यादी छापली, साहेबांचा सही-शिक्का घेतला आणि तंजावरची बस धरली. बँकेचे मॅनेजर म्हणाले, सोमवारी बघू. मी मुळात तापट. त्यांच्या टेबलासमोर ठाण मांडलं आणि एकेक नाव मोठ्याने वाचायला लागले. चौथ्या नावाला त्यांनी हात जोडले नि माणूस कामाला लावला. पावणेचारला तिचा फोन आला. पैसे जमा झाले होते, मुलगी फीच्या रांगेत उभी होती. नोकरी लागली तेव्हाही मला स्वतःचा इतका अभिमान वाटला नव्हता.

पुढे पुन्हा महिनाअखेर शुक्रवारी आली. यादी होताच अकरा वाजता मी बटण दाबलं आणि संध्याकाळी घरी सांगून टाकलं.

"राहुकाळांत दिलीस?" अप्पांनी त्यांच्या तंजावरी मराठीत विचारलं.

"होय, अप्पा." आणि त्या झाडूवालीची गोष्टही सांगितली.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी तीस वर्षं लोकांस उन्हांत बसवून ठेवलों. कोणाला घाई आहे का म्हणून एकदां विचारलों नाही. तूं माझ्याहून बरी कारकून झालीस."