तिले बोलू दे

अनसूयामावशीने पंधरा-वीस वर्षं नाटकाच्या दारात काढली, पण एकही नाटक आत बसून पाहिलं नाही. देवळीला टिनाच्या मंडपात दुपारचे खेळ लागत. बायांच्या दाराबाहेर कडुनिंबाला ती लुगड्याच्या दोन झोळ्या बांधायची. रडकी लेकरं तिच्याकडे देऊन आया आत जात. झोके द्यायला मी असायची.

नाटक किती चालेल हे ती झोळीवरून सांगायची. "लेकरू रडल्याबरोबर माय धावत आली, तं समज नाटक पडलं. 'रडू दे जराक' म्हणाली, तं चालते." तिचं बोलणं कधी चुकलेलं मी पाहिलं नाही.

एका हिवाळ्यात नागपूरकडची एक कंपनी आली. पहिल्या खेळानंतर मालक निंबाखाली येऊन बसला. उद्याचा खेळ करून कंपनी मोडणार, नटांना घरी पाठवणार, म्हणाला. "घरोघरी केबल आली, मावशी. नाटक कोण पाहणार?"

"केबलले काऊन बोल लावता, बाबू? दोन अंक एक बाई बाहेर नाई आली. तिसऱ्यात साऱ्या आल्या. काय हाये तिसऱ्यात?"

"नवरा माफी मागतो. मोठं भाषण आहे त्याचं."

"अन् थे?"

"ती रडते. मग पडदा."

"दोन अंक तिनं सोसलं, अन् आखरीले बी थोच बोलते? मंग बाया कायले बसतीन? तिले बोलू दे."

"आता नाटक तुम्हीच लिहा, मावशी," म्हणून तो हसला. पण उठला तो सरळ नटीच्या खोलीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या अंकात झोळीतलं लेकरू रडायला लागलं. मी उठले, तर मावशीने माझा हात धरला. "थांब." लेकरू रडून रडून लाल झालं. शेवटी दाराचा पडदा सारून त्याच्या आईने नुसतं डोकं बाहेर काढलं. डोळे ओले होते.

"रडू द्या जराक, मावशी. थे बोलून राह्यली."

मावशीने लेकराला उचलून खांद्यावर घेतलं. मी तिच्याकडे पाहतच राहिले. ते नाटक पुढे सेलू, पुलगाव करत उन्हाळ्यापर्यंत चाललं.

मावशीच्या तेरवीला सगळे तिच्याबद्दल काही ना काही बोलले. निंबाखालचं हे तिथे फक्त मला माहीत होतं. दोनदा तोंड उघडलं, पण चार लोकांत मला बोलता येत नाही.

म्हणून इथे लिहिलं.