अठ्ठेचाळीसचं वर्गमूळ

वर्गमूळ अर्धवट सोडून जेवायला न बसणारा माणूस साऱ्या मावळात एकच झाला असेल, आणि ते माझे थोरले दीर होते. राहायला कासारवाडीत, पिंपरीच्या कारखान्यात फिटर. वडील गेले म्हणून शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबलेलं. बीजगणित मात्र अंगात असं मुरलेलं, की आगगाडीच्या डब्यांवरचे आकडे दिसले की त्यांची वर्गमुळं गुणायची, गुणाकारात कुठला पूर्ण वर्ग दडलाय ते हुडकायचं आणि त्याला चिन्हाबाहेर काढायचं. या नादात समोरची गाडी दोनदा सुटली. मुलगी बघायला गेले तेव्हा नाव विचारायच्या आधी त्यांनी आठ आणि अठराच्या वर्गमुळांचा गुणाकार विचारला. मुलीचे वडील उठूनच उभे राहिले. परतताना दीर म्हणाले, "तिचे ओठ हलत होते. बारा येणारच होते." पुढं त्यांनी दुसरी मुलगी पाहिली नाही; लग्न राहूनच गेलं.

मी लग्न होऊन आले तेव्हा माझीही मॅट्रिक राहिलेली. बाहेरून परीक्षेला बसू का विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "सुनंला काय मामलेदार करायचीय व्हय?" थोरल्या दिरांशी समोरासमोर बोलायची आमच्यात रीत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाटी दिसली. तिच्यावर सहा आणि पंधराची वर्गमुळं, मध्ये गुणिले, पुढं रिकामी जागा. पिठाच्याच हातानं पेन्सिल धरून मी नव्वदचं वर्गमूळ लिहिलं. संध्याकाळी खाली ओळ होती, 'नव्वदात नऊ आहे. त्याचे तीन करून बाहेर काढा.' असं वर्षभर चाललं. सासूबाईंची कुरकूर वाढली तेव्हा दिरांनी एवढंच सांगितलं, की तिच्या वाटच्या भाकरी मी थापीन. आणि सकाळची पाळी नसे तेव्हा खरंच थापल्या. त्या चौकोनी व्हायच्या. सासूबाई कोपरे मोडून खायच्या.

परीक्षेला पुण्याला मला तेच घेऊन गेले. गणिताचा पेपर सुटला तेव्हा ते फाटकाशी टोपी हातात धरून उभे होते. परतीच्या गाडीत समोरच्या बाकावर बसून त्यांनी प्रश्नपत्रिका वाचायला घेतली. सहा आणि आठच्या वर्गमुळांवर बोट थांबलं. मी तिथं अठ्ठेचाळीसचं वर्गमूळ लिहून पुढं गेले होते. त्यातला सोळा बाहेर काढायचा राहिला, हे घंटा झाल्यावर आठवलं होतं. रीत विसरून मी त्यांना ते सांगितलं आणि मला रडू फुटलं. खडकी गेली, दापोडी गेली. ते खिडकीबाहेर बघत होते. कासारवाडी आली तशी त्यांनी प्रश्नपत्रिकेची घडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "राहू दे. एखादं राहतं." माझ्याशी थेट बोललेले त्यांचे ते पहिले शब्द.

मी पास झाले, शिक्षिका झाले. वर्गात मी फार कडक होते म्हणतात. पण पेपर तपासताना एखाद्या मुलीनं मूळ तसंच आत ठेवलेलं दिसलं, की लाल पेन्सिल जरा वेळ वरच राही, आणि मग मी पूर्ण मार्क देऊन टाकी. थोरले दीर होते तोवर हे त्यांना सांगायचं मला काही धाडस झालं नाही.