अंगठ्याचा कोपरा

पायाची नखं सरळ कापायची. दोन्ही कोपरे बोटाच्या टोकाशी मोकळे दिसले पाहिजेत. आमच्याकडे मात्र माझ्या आईसकट सगळ्या बाया नख गोल कापायच्या आणि ब्लेडच्या पत्तीनं कोपरा आतपर्यंत कोरायच्या. कोपरा राहिला की गोधडीचा दोरा अडकतो, एवढंच कारण. नवऱ्याची नखंही मीच कापायची, कारण फवारणीचा पंप वाहून त्यांची कंबर वाकेनाशी झाली होती.

कपाशीचं बीटी बियाणं आलं तेव्हा फवारणी संपली असं सगळे सांगायचे. मावा, तुडतुडे काही गेले नाहीत, आणि काही वर्षांनी बोंडअळीही परत आली. त्या साली हे पावसाळाभर प्लास्टिकचे बंद बूट घालून चिखलात फिरले. दिवाळीनंतर मला बुटात रक्त दिसलं. अंगठ्याचं नख कडेच्या मांसात शिरलं होतं.

"काऊन सांगतलं नाही?"

"दुखतच नाही तं काय सांगू?"

दुखत नाही म्हणजे किरकोळ आहे, असं मी धरलं. पत्ती घेऊन कोपरा आणखी खोल कोरला. शेजारीण म्हणाली, "नखाखाली कापसाची वात खुपस. नख वर येते."

उपाय खोटा नव्हता, कापूस खोटा होता. पुढची खोली वेचून आणलेल्या कापसानं आढ्यापर्यंत भरलेली. त्यातलाच चिमूटभर घेतला, सरकी काढली, पाचोळा झटकला आणि हळद-तेलात भिजवून वात खुपसली. त्या ढिगाशेजारी झोपून आमच्या अंगाला खाज सुटायची. तरी तो जखमेत घालताना हात थांबला नाही. घरात एवढा कापूस असताना दुकानातून कोण आणतं?

आठ दिवस रोज वात बदलली. नवव्या दिवशी अंगठा काळा पडला आणि वास यायला लागला. मेहकरच्या दवाखान्यात रक्त तपासलं, तेव्हा साखर निघाली. आम्हाला पत्ताच नव्हता.

"साखरेनं पायाची जाणीव गेलीय, म्हणून दुखलं नाही," डॉक्टर म्हणाले. "अंगठा काढावा लागेल. थांबलात तर पाऊल जाईल." मग विचारलं, "नख कोरलं कोणी? आणि हा कापूस कुठला?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "म्याच केलं, साहेब. घरचाच कापूस होता."

डॉक्टर त्यांना खूप बोलले. मी पिशवी धरून उभी राहिले. नर्सबाईंनी कागदावर बोटाचं चित्र काढून नख कसं कापायचं ते त्यांना समजावलं. मी बाजूनं पाहून घेतलं.

अंगठा गेला. अंगठ्याविना ढेकळांत तोल राहत नाही, तण काढायच्या डवऱ्यामागे, बैलांच्या चालीनं तर नाहीच. पुढच्या खरिपात डवरा मी धरला.

जखम भरल्यावर नेलकटर घेऊन मी त्यांच्या पायाशी बसले.

"नऊच राह्यले," हे म्हणाले. "तुह्यं काम कमी झालं."

"डॉक्टरले खोटं काऊन सांगतलं?"

"तुले बोलला असता तं तू दोन दिवस तोंड पाडून बसली असती. मंग सैपाक कोनं केला असता?"

मी गेलेल्या अंगठ्याशेजारचं बोट धरलं, नख सरळ कापलं. बोट गार लागलं म्हणून जोरात दाबलं.

"कळते का?"

"काय?" हे म्हणाले.